एसएसडीला हीटसिंक बसवायचा आहे? पहिल्यांदाच कॅबिनेट उघडणाऱ्यांसाठी

अक्षय्य तृतीयेच्या आसपास आपल्या भागात लग्नांची गर्दी उसळते आणि फोटो-व्हिडिओ स्टुडिओतले कॉम्प्युटर रात्री उशिरापर्यंत चालू राहतात. वर्षातले उकाड्याचे दिवसही नेमके हेच. बेळगाव शहरात संध्याकाळी वळवाची सर येऊन थोडा गारवा देऊन जाते, पण अथणी, रायबाग, चिकोडीकडे आणि त्याहून जास्त बिदर-भालकीकडे पत्र्याखालची खोली दुपारी तापून निघते. ‘कॉपी सुरुवातीला भराभर होते, मग एकदम मंदावते’ ही तक्रार या दिवसांत हमखास कानावर येते. स्टुडिओवाले असोत, उद्यमबागेत मशीनच्या भागांचं डिझाइन करणारी मुलं असोत, की घरी बसून गेम खेळणारे कॉलेजचे विद्यार्थी. प्रश्न एकच असतो. एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी चिपची ड्राइव्ह, तापत असेल का, आणि तिच्यावर हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी, बसवावा का?

बसवणं अवघड नाही. बारीक स्क्रूड्रायव्हर नीट धरता येत असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. पण हीटसिंक बसवूनही तापमान जागचं हललं नाही अशी उदाहरणं मी बरीच बघितली आहेत, आणि बहुतेक वेळा घोळ पॅडमध्ये, म्हणजे चिप आणि हीटसिंक यांच्या मधल्या मऊ तुकड्यात, निघाला. कुठे पॅडची फिल्म काढायची राहिली होती, कुठे पॅड पातळ पडून चिपला टेकलाच नव्हता. म्हणून स्क्रूंपेक्षा पॅडबद्दल मी जास्त लिहिणार आहे.

आधी आपली एसएसडी ओळखा

सगळ्याच एसएसडींना हीटसिंक लागत नाही. अडीच इंची, प्लास्टिक किंवा धातूच्या चपट्या डबीतली साटा एसएसडी असेल तर हा लेख इथेच बाजूला ठेवा. तिचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या पुढे जात नाही आणि ती फारशी तापतही नाही.

मदरबोर्डवर आडवी बसणारी, च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते ती एम.२ एसएसडी. तिच्यातही दोन जाती आहेत. एम.२ साटाचा वेग तोच, ५५० च्या आसपास, त्यामुळे तिलाही गरज नाही. एनव्हीएमई मात्र वेगळी. तिसऱ्या पिढीची सेकंदाला ३५०० एमबीपर्यंत जाते, चौथ्या पिढीची ७००० च्या घरात, आणि पाचव्या पिढीच्या तर १०,००० च्या पुढे धावतात. वेग वाढला की वीज जास्त लागते आणि उष्णताही जास्त निघते. चौथ्या पिढीची चांगली एसएसडी पूर्ण जोरात लिहीत असताना सात-आठ वॅट खाते. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण ही उष्णता नखाएवढ्या चिपमधून बाहेर पडायची असते.

टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा, वर उजवीकडे मॉडेलचं नाव दिसेल. त्या नावावरून कंपनीच्या पानावर पिढी आणि आकार दोन्ही कळतात. आकार ‘२२८०’ असा लिहिलेला असतो. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, एवढाच त्याचा अर्थ. दुकानात मिळणारे बहुतेक हीटसिंक याच मापाचे असतात. छोट्या लॅपटॉपमध्ये २२३० मापाची आखूड एसएसडी असते, तिच्यावर ८० मिलिमीटरचा हीटसिंक बसणार नाही.

आता तापतं काय ते बघू. एसएसडीच्या पट्टीवर दोन प्रकारच्या मुख्य चिप असतात. डेटा साठवणाऱ्या मेमरी चिप मोठ्या आणि एकसारख्या दिसतात. कंट्रोलर सहसा चौकोनी असतो आणि बऱ्याचदा स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी टोकाच्या बाजूला असतो. सगळा हिशोब तोच करतो आणि सगळ्यात जास्त तोच तापतो. तो ठरावीक मर्यादेच्या वर गेला की एसएसडी आपणहून वेग कमी करते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. जळत काही नाही, डेटाही जात नाही. काम तेवढं रेंगाळतं. बऱ्याच मॉडेलांत ही मर्यादा ८० ते ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मेमरी चिपना मात्र थोडं कोमट असलेलं चालतं, त्यांना बर्फासारखं गार करण्यात काही फायदा नाही. आपल्याला थंड ठेवायचा आहे तो कंट्रोलर, हे शेवटपर्यंत लक्षात असू द्या.

तापमान मोजल्याशिवाय खरेदी नको

विंडोज ११ मध्ये वेगळं काही न टाकताही तापमान दिसतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, मग ॲडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्ज, त्यात डिस्क आणि व्हॉल्यूमच्या यादीत आपल्या ड्राइव्हच्या प्रॉपर्टीज उघडा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्रॅमही तेच दाखवतो. एचडब्ल्यूइन्फो त्याहून बरा, कारण तो चालू तापमानासोबत सर्वात जास्त गेलेलं तापमानही नोंदवून ठेवतो. काही एसएसडींमध्ये दोन-तीन सेन्सर असतात, तेव्हा सगळ्यात वरचा आकडा कोणत्या सेन्सरचा आहे ते बघा.

नुसतं डेस्कटॉपवर बसून मोजलेल्या ४५ अंशांना अर्थ नाही. एसएसडीला काम द्या. तुमचं रोजचं जड काम असेल तेच द्या: शंभर जीबीचं फोल्डर एका एनव्हीएमईवरून दुसऱ्यावर कॉपी करा, किंवा लांबलचक व्हिडिओ रेंडर करा. क्रिस्टलडिस्कमार्क वापरणार असाल तर त्यातलं एक जीबीचं ठरलेलं माप पुरेसं नाही, ते तापायच्या आत संपतं. माप ३२ किंवा ६४ जीबी करा. दहा-पंधरा मिनिटं चालू द्या आणि तीन गोष्टी कागदावर लिहा: खोलीचं तापमान, एसएसडीचं सर्वात जास्त तापमान, आणि वेग कधी पडला. खोलीचं तापमान लिहायला विसरू नका. डिसेंबरच्या थंडीत मोजलेला आकडा मे महिन्यात कामाचा नाही. खोली दहा अंशांनी तापली की एसएसडीही साधारण तेवढीच वर सरकते.

स्मार्टमॉनटूल्स नावाचं साधन लिनक्स आणि विंडोज दोन्हींवर चालतं. त्यात एनव्हीएमईची एक फार उपयोगी नोंद मिळते: ही एसएसडी आजवर किती मिनिटं धोक्याच्या तापमानाच्या वर राहिली. धोक्याची मर्यादा किती अंशांची धरली आहे तेही तिथेच छापलेलं असतं. मिनिटांचा आकडा शून्य असेल तर तुमची एसएसडी आजवर त्या मर्यादेपर्यंत पोहोचलेलीच नाही. हीटसिंकचे पैसे वाचवा.

त्याच यादीत ‘अनसेफ शटडाउन’चा आकडा दिसेल, म्हणजे करंट गेल्यामुळे किंवा बटण दाबून मशीन किती वेळा अचानक बंद पडलं त्याची नोंद. पावसाळ्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे हा आकडा झपाट्याने वाढलेला दिसतो. तो शेकड्यात असेल तर हीटसिंकच्या आधी चांगला यूपीएस घ्या. एसएसडीचं खरं नुकसान तिकडे होतं.

वेग पडण्याचं कारण नेहमी उष्णता नसतं, हेही इथेच सांगायला हवं. बहुतेक एसएसडी मेमरीचा काही भाग झटपट लिहिण्यासाठी राखून ठेवतात. मोठी फाइल टाकताना तो भाग भरला की वेग एकदम खाली येतो, स्वस्त मॉडेलांत तर साटापेक्षाही खाली. तेव्हा तापमान ५५-६० वरच असेल तर दोष उष्णतेचा नाही, आणि कितीही मोठा हीटसिंक लावला तरी तो वेग परत येणार नाही. दुसरं असं की कॅमेऱ्याच्या साध्या कार्डावरून कॉपी करताना वेग कार्डच ठरवतं. सेकंदाला ९० एमबीने येणाऱ्या डेटाने एनव्हीएमईला घाम फुटत नाही.

तर ठरवायचं असं: जड कामात ७० अंशांच्या आत राहते, काहीच करू नका. ७० ते ८० मध्ये खेळते, तर हीटसिंक लावलेला बरा, विशेषतः हे आकडे थंडीच्या दिवसांतले असतील तर. ८० च्या वर जाऊन वेग पडतो, तर लावाच.

कुठला हीटसिंक?

खरेदीला जाण्याआधी कॅबिनेटची बाजू उघडून मदरबोर्ड बघा. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच बोर्डांवर एम.२ स्लॉटवर धातूची पट्टी आधीच असते. ती म्हणजेच हीटसिंक. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने ती न बसवता बॉक्समध्येच ठेवून दिली असेल तर तुमचं काम फुकटात झालं. बोर्डाची पट्टी असताना वेगळा हीटसिंक घेऊन दोन्ही एकावर एक बसवू नका. एसएसडी कंपनीकडूनच हीटसिंकसह आली असेल तर बोर्डाची पट्टी काढून ठेवा.

विकत घ्यायचाच तर साधा ॲल्युमिनियमचा, पंख्याविना घ्या. चार-पाचशे रुपयांत काम भागतं. पंखेवाले छोटे हीटसिंक मला पटत नाहीत. त्या इवल्या पंख्यात धूळ लवकर बसते, आवाज येऊ लागतो आणि तो बंद पडला की कळतही नाही. आपल्याकडे तर धुळीचे प्रकारही बरेच. खानापूरकडची लाल माती, निपाणीच्या वखारींजवळ तंबाखूची पूड, आणि उद्यमबागेत कूलंट-ऑइलच्या वाफेत मिसळलेला लोखंडी कीस. कारखान्याच्या शेडमध्ये मशीनशेजारी कॉम्प्युटर असेल तर पंखेवाल्याचा विचारच करू नका. पाचव्या पिढीच्या एसएसडीला मात्र मोठाच हीटसिंक लागतो, तिथे बोर्डासोबत आलेला जाडजूड प्रकार सगळ्यात चांगला.

उंची मोजा. बऱ्याच बोर्डांवर वरचा एम.२ स्लॉट ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरचा कूलर यांच्या बेचक्यात असतो, आणि दुसरा थेट ग्राफिक्स कार्डाखाली. फूटपट्टी घेऊन स्लॉटपासून कार्डापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये बघा. प्लेस्टेशन ५ साठी घेणार असाल तर तिथे हीटसिंक लागतोच, आणि एसएसडी धरून एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत हवी.

बांधणी दोन तऱ्हेची असते. एकात वरची पट्टी रबरी रिंगांनी एसएसडीला बांधलेली असते. दुसऱ्यात खाली एक तबक, वर पंखांची म्हणजे उभ्या पात्यांची पट्टी, आणि मध्ये एसएसडी, बाजूने बारीक स्क्रू. दुसरी नवशिक्यांना सोपी जाते. रिंगा सैल होतात, आणि उन्हाळे-पावसाळे काढल्यावर काही रिंगा तुटतातही.

बेळगावात खडेबाजार, कॉलेज रोडच्या आसपास कॉम्प्युटरच्या दुकानांत साधे हीटसिंक मिळतात. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, कारवारकरांना गोवा, बिदर-भालकीवाल्यांना हैदराबाद. दुकानात गेल्यावर ‘एसएसडीचा हीटसिंक द्या’ एवढंच म्हणू नका. ‘२२८०, एनव्हीएमई, उंची अमुक मिलिमीटरच्या आत, आणि सोबत जादा पॅड’ असं सांगा. दुकानदार विचारील, ‘पॅड कुठला देऊ अण्णा, एक एमएम की दीड?’ उत्तर पुढे आहे.

पॅडचं गणित

हीटसिंक आणि चिप यांच्यामध्ये जो मऊ, राखाडी किंवा निळसर पॅड असतो, तोच उष्णता वर पोहोचवतो. दोन कठीण पृष्ठभाग कितीही सपाट दिसले तरी मध्ये हवा राहते, आणि हवेतून उष्णता फार सावकाश जाते. भाकरी तव्याला जिथे टेकते तिथेच भाजते, तसं हे आहे. कंट्रोलरवर पॅड टेकला नाही तर वर किलोभर ॲल्युमिनियम ठेवलं तरी व्यर्थ.

एसएसडीवरच्या सगळ्या चिप एका उंचीच्या नसतात. मेमरीच्या चिप थोड्या उंच आणि कंट्रोलर थोडा बुटका, असं बऱ्याच मॉडेलांत दिसतं. अर्ध्या मिलिमीटरचा पातळ पॅड टाकला तर तो मेमरीवर टेकतो आणि कंट्रोलरवर अधांतरी राहतो. नेमका नको तो भाग थंड होतो. दोन मिलिमीटरचा जाड पॅड टाकून स्क्रू आवळले तर एसएसडी धनुष्यासारखी वाकते, आणि चिपखालच्या सूक्ष्म डागण्या म्हणजे सोल्डर तडकण्याचा धोका असतो. साध्या हीटसिंकला एक मिलिमीटर बहुतेक वेळा बरोबर बसतो. वरची पट्टी खोलगट असेल तर दीड लागतो. तबकवाल्या प्रकारात खालच्या बाजूला कोणता घालायचा ते एसएसडीच्या पाठीवर चिप आहेत की नाहीत यावर ठरतं. पाठ मोकळी असेल तर खाली जाड पॅड, पाठीवरही चिप असतील तर पातळ. म्हणून बॉक्समध्ये वेगवेगळ्या जाडीचे पॅड देतात. कुठला कुठे हे सोबतच्या कागदावरच्या चित्रात असतं, तो कागद फेकू नका.

पॅडच्या पाकिटावर ६, ८, १२ असे उष्णता वाहण्याचे आकडे छापलेले असतात. जास्त आकड्याचा पॅड चांगला खरा, पण तो बऱ्याचदा कडकही असतो आणि चिपवर नीट दबत नाही. सहाचा मऊ आणि नीट टेकलेला पॅड मी कधीही पसंत करीन. प्रोसेसरला लावतात ती पेस्ट इथे नको. चिपमधल्या उंच-सखल जागा ती भरू शकत नाही आणि आजूबाजूच्या बारीक भागांवर पसरून घाण करते.

आता फिल्म. पॅडच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक किंवा निळी प्लास्टिकची फिल्म असते. दोन्ही काढायच्या. एक सहज दिसते, दुसरी पॅडला इतकी चिकटून बसलेली असते की ती आहे हेच कळत नाही. उजेडात तिरकं धरून बघा: फिल्म असेल तर पृष्ठभाग काचेसारखा चमकतो, नसेल तर निस्तेज, थोडा दाणेदार दिसतो. कोपरा नखाने उचलून पाहा. बोर्डाच्या पट्टीवर कारखान्यातूनच लावलेल्या पॅडवरही फिल्म असते, ती तर सगळ्यात जास्त विसरली जाते.

एसएसडीवरचं लेबल मात्र काढू नका. ते काढल्यावर वॉरंटी जाते, आणि काही कंपन्या लेबलाखाली तांब्याचा पातळ पत्रा देतात, तो उष्णता पसरवायलाच असतो. लेबलावरूनच पॅड लावा. कागदाच्या लेबलामुळे फरक पडतो, पण तो इतका थोडा की त्यासाठी वॉरंटी घालवणं परवडत नाही.

कॅबिनेट उघडण्याआधी

महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत काढा. कामात धोका कमी आहे, पण स्टुडिओत एखाद्या लग्नाचं चित्रीकरण त्याच ड्राइव्हवर असेल तर कमी धोकाही पत्करू नये. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणारी सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर किंवा दुसऱ्या मशीनवर लिहून घ्या.

शटडाउन करताना शिफ्ट बटण दाबून धरा, म्हणजे मशीन पूर्ण बंद होतं. मग पॉवर सप्लायच्या मागचं बटण बंद, आणि केबल भिंतीतून किंवा यूपीएसमधून काढा. नुसता भिंतीचा स्विच बंद करून भागत नाही, यूपीएस आणि इन्व्हर्टर चालूच असतात. केबल काढल्यावर कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा, उरलीसुरली वीज निघून जाते. जड काम नुकतंच संपलं असेल तर दहा मिनिटं थांबा, एसएसडी हाताला चटका देण्याइतकी गरम असू शकते.

जागा लाकडी टेबलाची घ्या. गादी, सतरंजी, गालिचा नको. पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की अंगातल्या स्थिर विजेची चिंता फारशी नसते. जानेवारी ते मार्चच्या कोरड्या हवेत, विशेषतः बेळगावच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत, नायलॉनचा शर्ट किंवा स्वेटर घालून काम करू नका. सुती कपडे, पायाखाली साधी फरशी, आणि अधूनमधून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावत राहा.

हत्यारं फार नाहीत. मोबाईल दुरुस्तीच्या सेटमधला बारीक स्टार स्क्रूड्रायव्हर, एक छोटी वाटी, आणि कोरडं, धागे न सुटणारं कापड. चुंबक असलेला स्क्रूड्रायव्हर चालतो. एसएसडीतला डेटा चुंबकाने जात नाही. उलट तोच घ्या, कारण एम.२ चा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो आणि कॅबिनेटच्या तळाशी पडला की शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

बसवणं

कॅबिनेट आडवं टाका, मदरबोर्ड वर तोंड करून दिसेल असं. ब्लोअर असेल तर आत्ताच धूळ उडवून घ्या, तेही अंगणात नेऊन. एसएसडी ग्राफिक्स कार्डाखाली असेल तर कार्डाची केबल काढा, मागचे स्क्रू काढा, आणि स्लॉटच्या टोकाला असलेली प्लास्टिकची कळ दाबून मगच कार्ड वर उचला. ही कळ न दाबता ओढलं तर ती तुटते.

एसएसडीच्या टोकाचा स्क्रू काढून वाटीत टाका. काही बोर्डांवर स्क्रूऐवजी फिरवायची प्लास्टिकची खिटी असते. स्क्रू सुटला की एसएसडीचं ते टोक आपोआप वर उठतं. घाबरू नका, तसंच व्हायला हवं. उठलेल्या कोनातच, कडा धरून, सरळ बाहेर ओढा. सोनेरी दातांना बोट लावू नका. कोरड्या कापडाने लेबलावरची धूळ टिपून घ्या.

आता हीटसिंक. एसएसडी टेबलावर ठेवा, पॅड आधी हीटसिंकला चिकटवा आणि मग एसएसडीवर टेकवा. पॅड कंट्रोलरच्या कडांच्या बाहेरपर्यंत जातो आहे ना ते बघा. लांबी जास्त असेल तर कात्रीने कापा, ताणून बसवू नका; ताणलेला पॅड पातळ होतो. दोन जागा मोकळ्या हव्यात: सोनेरी दातांचं टोक आणि दुसऱ्या टोकाची अर्धगोल खाच, जिथे स्क्रू बसतो. हीटसिंक चुकून उलटा लावला तर ती खाच झाकली जाते. पंखांच्या पन्हाळी कॅबिनेटमधल्या हवेच्या दिशेने, म्हणजे पुढच्या पंख्याकडून मागच्या पंख्याकडे जातील, अशा ठेवा.

तबकवाला प्रकार असेल तर चारही स्क्रू आधी दोन-दोन फेरे फिरवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळा. हाताला अडल्यासारखं वाटलं की थांबा. डोळ्यांच्या पातळीवर धरून बाजूने बघा: एसएसडीची हिरवी किंवा काळी पट्टी फूटपट्टीसारखी सरळ दिसली पाहिजे. वाकलेली दिसली तर स्क्रू सैल करा आणि पातळ पॅड घ्या.

पहिल्या वेळी एक तपासणी जरूर करा. दोन मिनिटं तसंच ठेवून हीटसिंक परत उघडा आणि पॅडच्या खालच्या बाजूकडे तिरक्या उजेडात बघा. चिपचे चौकोन त्यावर उमटलेले दिसतील. मेमरीचे दोन लांबट ठसे आणि कंट्रोलरचा चौकोन, चारही कोपरे रेखीव. कधी लेबलाची कडसुद्धा उमटलेली असते. कंट्रोलरचा चौकोन पुसट असेल किंवा दिसतच नसेल, तर तिथे पॅड टेकलेला नाही. आधीच्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरने जाड पॅड घेऊन पुन्हा बसवा. या दोन मिनिटांनी पुढचे सगळे घोटाळे टळतात.

मग एसएसडी स्लॉटमध्ये घाला. साधारण ३० अंशांच्या कोनात, खाच जुळवून, सरळ आत दाबा. सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे झाले म्हणजे पूर्ण आत गेली. टोक हाताने खाली दाबून स्क्रू लावा. टोकाखाली पितळी बोंड म्हणजे स्टँडऑफ आहे ना ते आधी बघा. नसेल तर बोर्डाच्या बॉक्समधल्या स्क्रूंच्या पुडीत सापडेल; त्याविना आवळलं तर एसएसडी वाकते. स्क्रू दोन बोटांच्या जोरानेच आवळायचा. बोर्डाचीच पट्टी वापरत असाल तर क्रम उलटा: आधी एसएसडी स्लॉटमध्ये, मग फिल्म काढलेली पट्टी वरून.

ग्राफिक्स कार्ड परत लावताना ते हीटसिंकला घासत नाही ना ते पाहा. कार्डाच्या केबल विसरू नका.

चालू केल्यावर

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, एसएसडीचं नाव दिसलं की निम्मं काम झालं. दिसलं नाही तर घाईने दुकान गाठू नका. मशीन बंद करून, केबल काढून, एसएसडी पुन्हा नीट आत दाबा. बहुतेक वेळा ती अर्धा मिलिमीटर बाहेर राहिलेली असते. स्लॉट बदलला असेल तर बोर्डाचं पुस्तक बघा. काही बोर्डांवर एखादा एम.२ स्लॉट वापरला की साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात, आणि जुनी हार्ड डिस्क गायब झाल्यासारखी वाटते.

आता तोच कागद काढा. तेच काम, तेवढाच वेळ, आणि शक्यतो तशीच दुपार. खोलीचं तापमान वेगळं असेल तर तो फरक वजा करून बघा. नीट बसलेल्या हीटसिंकने जड कामात दहा ते वीस अंश उतरतात. तीन-चार अंशच उतरले तर पॅड पुन्हा तपासा. पहिली पाच मिनिटं तापमान छान कमी राहिलं आणि मग हळूहळू जुन्याच आकड्यावर गेलं, तर पॅड ठीक आहे, हवा कमी पडते आहे. हीटसिंक उष्णता फक्त पसरवतो, ती घेऊन जाणारी हवा लागतेच. टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेलं कॅबिनेट बाहेर काढा, मागची बाजू भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, पुढे एक १२० मिलिमीटरचा पंखा लावा. धूळ बसू नये म्हणून कॅबिनेटवर कापडी कव्हर घालून मशीन चालवणारे आपल्याकडे अजून आहेत; ते कव्हर मशीन बंद असतानाच घालायचं.

लॅपटॉप असेल तर

लॅपटॉपमध्ये उंच हीटसिंकला जागाच नसते. बळजबरीने बसवला तर मागचं झाकण फुगतं आणि कीबोर्डवर दाब येतो. तिथे फार तर तांब्याची किंवा ग्राफिनची पातळ पट्टी लावतात. तांबं वीज वाहून नेतं, तेव्हा ते आजूबाजूच्या भागांना टेकणार नाही याची खात्री हवी, आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीची पिन सोडवायलाच हवी. पहिलंच काम लॅपटॉपवर करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यात लॅपटॉप गादीवरून टेबलावर आणला आणि खालची जाळी साफ केली तरी बरेच अंश उतरतात.

काढायची वेळ आली तर

एसएसडी वॉरंटीत बदलायची असेल किंवा मोठी घ्यायची असेल तेव्हा हीटसिंक काढावा लागतो, आणि चिकटून बसलेला पॅड सहज सुटत नाही. सरळ वर ओढू नका. ओढल्यावर लेबल निघून येतं, कधी बारीक भागही उखडतात. मशीन थोडा वेळ जड कामात चालवून बंद करा, पॅड कोमट झाला की मऊ पडतो. मग एसएसडीच्या कडा धरून हीटसिंक आडवा, अगदी थोडा थोडा सरकवा. सुटायला लागल्याचं हाताला कळतं. तरी सुटत नसेल तर टाके घालायचा बारीक दोरा पॅड आणि हीटसिंक यांच्या मधून करवतीसारखा ओढत न्या, चिपच्या बाजूने नको. फाटलेला किंवा ठसे उमटलेला जुना पॅड दुसऱ्या एसएसडीवर वापरू नका. नवा पॅड शे-दोनशे रुपयांत मिळतो.